परसातील थंड पेढी : आधी छप्पर, मग यंत्र

चिमूर परिसरातील व्यापारी कुटुंबांचा दिनक्रम गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलला आहे. धान, सोयाबीन, कापूस व हरभरा यांची खरेदी-विक्री पूर्वीप्रमाणेच गोदामात आणि बाजार समितीच्या आवारात चालते. हिशेब मात्र वहीतून संगणकावर आला. पूर्वी दिवाणजी सकाळच्या गारव्यात रोजकीर्द लिहून घेत आणि दुपारची वेळ विश्रांतीची असे. आता दरमहा विवरणपत्रे भरणाऱ्या व्यापाऱ्याला ११ तारखेला विक्रीचे विवरण आणि २० तारखेला कराचे विवरण द्यावे लागते, आणि मे महिन्याला त्यातून सवलत नाही. मार्चअखेरचा ताळेबंद, लेखापरीक्षणाची तयारी, बँकेचे मालसाठ्याचे विवरण ही कामेही नेमकी एप्रिल ते जून या तीन महिन्यांतच गर्दी करतात.

हे काम जेथे चालते ती जागा म्हणजे बहुधा टिनपत्र्याच्या गोदामाचा एक कोपरा. तेथे बसणारी व्यक्तीही बहुधा घरातील सर्वांत ज्येष्ठ असते, कारण माल आणि माणसे दोहोंवर तिचीच नजर असते. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते आणि घामही पुरेसा येत नाही. रक्तदाबाच्या काही औषधांनी शरीरातील पाणी आणखी कमी होते. त्यात चौविहार पाळणारे, किंवा अक्षय्य तृतीयेच्या पारण्याकडे डोळे लावून वर्षीतपाचे अखेरचे आठवडे पार पाडणारे ज्येष्ठ असतील तर पत्र्याखालची दुपार त्यांच्या जिवावर बेतू शकते. दुसरीकडे, वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली सून घरचे हिशेब समर्थपणे सांभाळू शकते. तिला मात्र गोदामात बसणे सोयीचे नसते. घराच्या परसात, म्हणजे सांदवाडीत, १० बाय १२ फुटांची एक थंड, स्वच्छ व शांत खोली असेल तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. अशी खोली स्थानिक गवंडी व सुतार यांना हाताशी घेऊन कुटुंबाला स्वतःच्या देखरेखीखाली उभारता येते. तिचे गणित नीट समजून घेतले पाहिजे.

उष्णता येते कोठून?

चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. चिमूर या दोहोंच्या शेजारचेच. हे गाव सुमारे २०.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. या एका गोष्टीत सारे सूत्र सामावले आहे. उन्हाळ्याच्या ऐन भरात दक्षिणेकडील भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. पूर्वेची भिंत सकाळी आणि पश्चिमेची दुपारनंतर तापते. छप्पर मात्र सकाळी आठपासून सायंकाळी पाचपर्यंत तापत राहते.

टिनपत्रा अशा उन्हात ६५ अंशांपर्यंत सहज जातो. त्याची जाडी मिलिमीटरहूनही कमी. उष्णता अडवण्याची त्याची शक्ती शून्यवतच म्हणायची. १२० चौरस फुटांच्या छपराखाली ३५ अंश तापमान राखावयाचे ठरवले, तर उघड्या पत्र्यातून ढोबळ हिशेबाने २,००० वॅट उष्णता अखंड आत येत राहते. ऐन मे महिन्यात खोलीत २,००० वॅटचा हीटर लावून बसण्यासारखाच हा प्रकार होय. १ टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर टाकू शकते. म्हणजे यंत्राची निम्म्याहून अधिक शक्ती एकट्या पत्र्याशी झगडण्यात खर्ची पडते आणि विजेचे देयक त्या झगड्याचेच येते. म्हणून पहिला पैसा छपरावर, दुसरा पश्चिमेच्या भिंतीवर आणि उरलेला यंत्रावर, हा क्रम सोडू नये.

सेवाग्रामचा दाखला

ऑगस्ट १९४२ च्या क्रांतीने चिमूरचे नाव देशभर नेले. ज्यांच्या हाकेने ती चळवळ पेटली त्या गांधीजींची कामाची जागा चिमूरला लागूनच असलेल्या वर्धा जिल्ह्यात होती, आणि आपल्या विषयाचा उत्तम दाखलाही तेथेच मिळतो. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्ध्यास आलेले गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहावयास गेले. पुढे १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्या वेळी त्यांच्या वयाची ६६ वर्षे पूर्ण झाली होती. पहिल्या निवासाचा खर्च ५०० रुपयांच्या आत असावा आणि साहित्य व कारागीर परिसरातीलच असावेत, अशी त्यांची अट होती. हे पहिले घर ‘आदिनिवास’ म्हणून आजही उभे आहे. शेजारची ‘बापूकुटी’ मूळची मीराबहेन यांची. पुढे तीच गांधीजींची निवासाची आणि कामाची जागा झाली. जवळच्या दप्तरात व्हाइसरॉयांशी थेट बोलण्यासाठी बसवलेला दूरध्वनी होता. देशाच्या राजकारणाचा पत्रव्यवहार या मातीच्या खोल्यांतून चालत असे.

या कुटीकडे भक्तिभावाने पाहणारे पुष्कळ असतात. गवंड्याच्या नजरेने पाहणारे थोडे. मातीच्या जाड भिंती दुपारची उष्णता आत पोहोचण्यास अनेक तास लावतात. कवेलूंचे उतरते छप्पर भिंतींच्या बरेच पुढे येऊन खाली झुकते, त्यामुळे भिंतींना ऊनही लागत नाही आणि पाऊसही. ओसरीची सावली खोलीत शिरणाऱ्या हवेला आधीच थोडी निववते. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. विदर्भातील जुन्या घरांत याच्या जोडीला लाकडी माळा असे. त्यावर तणस वा धान्य साठवलेले असे आणि छपराची धग त्या साठ्यातच जिरे.

पुढे कवेलू फेरण्यास माणसे मिळेनाशी झाली, माकडांचा उपद्रव वाढला आणि टिनपत्रा आला. पत्र्याने गळती थांबवली, पण त्याबरोबर माळा गेला, ओसरी गेली आणि छपराचा पुढे आलेला पदरही आखूड झाला. नव्या पेढीत पत्रा ठेवूनही या तीन गोष्टी परत आणता येतात.

तुसाचे मोल

माळ्याची जागा घेण्यास बाजारात अनेक वस्तू मिळतात. दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेले तयार ‘पफ पॅनेल’ उष्णता उत्तम रोखते आणि काम चार दिवसांत उरकते. मात्र ते कारखान्यातून मागवावे लागते व महाग पडते. थर्माकोल स्वस्त आहे, परंतु त्यात मुंग्या घर करतात आणि आग लागल्यास तो वितळून विषारी धूर सोडतो. नागभीड, सिंदेवाही, मूल या गिरण्यांच्या पट्ट्यात तिसरी एक वस्तू ढिगांनी पडलेली असते. ती म्हणजे धानाचे तूस.

तूस हलके असते आणि त्याच्या कणाकणांत हवा कोंडलेली असते. कोरड्या तुसाचा ४ इंचांचा थर उष्णता रोखण्याच्या कामी सुमारे ५ फूट जाडीच्या विटांच्या भिंतीची बरोबरी करतो. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राखेचा असतो व ती राख बहुतांश सिलिकाची, म्हणजे वाळूच्या जातीची, असते. म्हणूनच तूस सहसा कुजत नाही आणि जनावरेही ते आवडीने खात नाहीत. १० बाय १२ फुटांच्या खोलीवर ४ इंच थर द्यावयाचा तर ४० घनफूट तूस लागते. वजनाने ते सव्वाशे किलोच्या आसपास, म्हणजे धान्याची चौदा-पंधरा पोती भरतील एवढेच. वर मांडलेल्या हिशेबातील २,००० वॅट या थरामुळे सुमारे १५० वॅटवर येतात. पावसाळ्यात पत्र्यावरचा ताशाही पुष्कळ मंदावतो, हा आणखी एक लाभ.

रचना अशी करावी. पत्र्याखाली किमान एक फूट अंतर सोडून चौकोनी लोखंडी पाइपची किंवा प्रक्रिया केलेल्या बांबूची चौकट बसवावी. दोन आधारांतील अंतर दोन फुटांहून अधिक नसावे. चौकटीला खालून सिमेंट-फायबरचा बोर्ड ठोकावा. तूस चाळून, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, थोडी चुन्याची पूड मिसळून विणीच्या प्लॅस्टिक पोत्यांत भरावे. पोती तुडुंब न भरता गादीसारखी सपाट ठेवावीत व तोंडे शिवून टाकावीत. बोर्डावर ती दोन थरांत अशी अंथरावी, की खालच्या थरातील सांध्यावर वरच्या पोत्याचा मध्य येईल. फट राहिली तर उष्णता तेथूनच उतरते. हे काम घरातील मुलांनाही करता येते. शिवणाऱ्या आजीचे हात त्यात सर्वांत उपयोगी पडतात.

तुसाचा थर आणि पत्रा यांच्यामध्ये निदान ६ इंचांची पोकळी उरलीच पाहिजे. वळचणीखाली आणि आढ्याजवळ त्या पोकळीला झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल व खालून दुसरी येईल. हिवाळ्यात पहाटे पत्र्याच्या आतील बाजूस पाणी धरते, तेही या वाऱ्याने सुकते. भिजलेले तूस उष्णता रोखण्याचा आपला गुण गमावते. म्हणून पत्र्याचे खिळे, वॉशर आणि सांधे दर मेअखेरीस तपासावेत. पत्र्याच्या वरच्या बाजूस पत्र्यासाठीच बनवलेला पांढरा परावर्तक रंग द्यावा. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. त्याचा पायाही ऊन परतवणारा असा फिकट पृष्ठभाग हाच आहे. चुन्याचा हात गच्चीला योग्य. जस्ताच्या पत्र्याला तो मानवत नाही.

जोते, भिंती आणि खिडक्या

चिमूर तालुक्यात अनेक ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उभी केलेली भिंत तिच्याबरोबर हलते. म्हणून पायासाठी मुरूम लागेपर्यंत खोदावे आणि भरणीही मुरमाचीच करावी. जोते जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच असावे. पायऱ्या रुंद व कमी उंचीच्या ठेवून बाजूस धरावयास कठडा करावा. ही खोली ज्येष्ठांसाठी आहे, याचा विसर पडू नये.

खोलीची लांब बाजू पूर्व-पश्चिम धरावी. खिडक्या उत्तरेस व दक्षिणेस समोरासमोर असाव्यात, दार उत्तरेस अथवा पूर्वेस. पश्चिमेची भिंत सलग ठेवून तिच्या आतील बाजूस वह्या व फायलींचे कपाट लावावे. भिंतींसाठी लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली पोकळ बांधणी उपयुक्त ठरते. तीत विटा काठावर उभ्या रचतात. ९ इंचांच्या भिंतीत मध्ये हवेची पोकळी राहते आणि सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. पोकळी वरून आणि कडांना मात्र पूर्ण बंद करावी. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून बनलेल्या विटाही या कामास चालतात. गवंड्याला ही पद्धत ठाऊक नसेल तर आधी चार थरांची नमुना भिंत बांधून घ्यावी.

छप्पर चारही बाजूंनी अडीच ते तीन फूट पुढे काढावे आणि उत्तरेस किंवा पूर्वेस छोटी ओसरी ठेवावी. पश्चिमेला बांबूच्या तट्ट्यांचा पडदा भिंतीपासून फूटभर अंतरावर उभा केला तर दुपारचे ऊन भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. बुरड कारागिरांच्या हातचे तट्टे या भागात सहज मिळतात. बांबू वापरताना तो तीन वर्षांहून जुना, पक्व असावा. कोवळ्या बांबूत पिष्टमय अंश अधिक असतो आणि त्यालाच भुंगा लागतो. टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या पाण्यात बुडवून ठेवलेला बांबू पुष्कळ वर्षे टिकतो. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबूविषयक संशोधन व प्रशिक्षणाचे शासकीय केंद्र आहे. या प्रक्रियेची विचारणा तेथे करता येते. खरेदी बिल घेऊनच करावी. गडचिरोलीतील लेखा-मेंढा ग्रामसभेने आपल्या जंगलातील बांबूच्या वाहतूक परवान्याचा हक्क २०११ मध्ये मिळवला. तेव्हापासून अनेक ग्रामसभा कायदेशीर मार्गाने बांबू विकतात. व्यापाऱ्याच्या घरात विनाबिलाचा माल शोभत नाही.

जयणा आणि सुरक्षितता

बांधकाम झाल्यावर वाळवी, उंदीर वा मुंग्या शिरल्या की औषध मारण्याची वेळ येते. जैन घरात ही वेळ न येईल अशी व्यवस्था आरंभीच केलेली बरी. जयणेचा अर्थही हाच. तुसात धानाचा दाणा राहिला तर उंदीर येणारच, म्हणून चाळणीत आळस करू नये. सर्व झरोक्यांना बारीक विणीची गंजरोधक जाळी बसवावी, म्हणजे चिमण्या, वटवाघळे व उंदीर पोकळीत अडकणार नाहीत. लाकूड अथवा बांबू जमिनीला कोठेही टेकू देऊ नये. खांब दगडी किंवा काँक्रीटच्या बैठकीवर उभे करावेत. वाळवीला मातीतून वर चढण्यास वाट मिळाली नाही तर ती येत नाही.

आगीचा विचार तितकाच महत्त्वाचा आहे. तूस भडकत नसले तरी आतल्या आत धुमसत राहू शकते. चिचपल्लीच्या केंद्राच्या बांबूच्या इमारतीला २०२१ मध्ये मोठी आग लागली होती, हे ध्यानात असावे. विजेची एकही तार तुसाच्या थरातून नेऊ नये. सर्व तारा भिंतीवरील नळीतूनच फिरवाव्यात आणि खोलीला स्वतंत्र एमसीबी व गळतीरोधक स्विच असावा. छतात खोल बसणारे दिवे टाळावेत. इन्व्हर्टरची बॅटरी खोलीत न ठेवता ओसरीवर हवेशीर जागी ठेवावी. देवघराचा दिवा वा धूप या खोलीत लावावयाचा असल्यास तो भिंतीच्या दगडी कोनाड्यातच असावा.

यंत्र केव्हा आणि कोणते?

एवढे केल्यावर यंत्राची गरज पुष्कळ कमी होते. एप्रिलपासून मृगापर्यंत चिमूरची हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत कूलरसारखे साधन नाही. मात्र कूलर लावल्यावर समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवलीच पाहिजे. ओलसर हवेला बाहेर जाण्यास वाट नसेल तर गारव्याऐवजी घुसमट होते. पाऊस सुरू झाला की कूलर निरुपयोगी होतो. त्या काळात पंखा पुरतो. ज्यांच्या घरी हृदयविकाराचे वा श्वसनाचे रुग्ण आहेत त्यांनी १ टनाचे यंत्र बसवावे. अशा खोलीत ते थोडा वेळ चालून विसावा घेते. मग खिडक्यांना रबरी पट्ट्या लावून फटी बुजवाव्यात.

हिशेब करून पाहावा. दीड टनाचे यंत्र उघड्या पत्र्याखाली तासाला सुमारे दीड युनिट वीज घेते. रोज ८ तास आणि ९० दिवस धरले तर १,०८० युनिट होतात. २०० वॅटचा कूलर तेवढ्याच वेळात १४४ युनिट घेतो. या दोन आकड्यांतील फरकाला आपल्या देयकावरील दराने गुणावे, म्हणजे छताचा खर्च किती उन्हाळ्यांत फिटतो ते ज्याचे त्याला कळेल.

खर्चाची नोंदही नीट असावी. पेढीसाठी बांधलेल्या खोलीचा खर्च भांडवली असतो. त्यावर दरसाल घसारा मिळतो. व्यवसायाच्या पक्क्या इमारतीसाठी हा दर १० टक्के आहे. स्वतःसाठी उभारलेल्या स्थावर बांधकामाच्या साहित्यावर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट मात्र सामान्यतः मिळत नाही. ही रक्कम आरंभीच खर्चात धरावी आणि आपल्या सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा. बांधकामापूर्वी शहरात नगर परिषदेची व खेड्यात ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. परसातली खोली लहान असली तरी कागद पूर्ण असावेत. उद्या घर तारण ठेवावयाचे झाले तर हीच कागदपत्रे मागितली जातात.

कामाचे वेळापत्रक निसर्गानेच आखून दिले आहे. दिवाळीनंतर पाया व जोते घ्यावे. गिरण्या जोरात चालतात त्या पौष-माघात ताजे, कोरडे तूस मिळते. ते तेव्हाच भरून ठेवावे. फेब्रुवारीत भिंती व छप्पर पूर्ण करावे, मार्चमध्ये छत आणि वीज. म्हणजे पाडव्याच्या सुमारास खोली तयार होते आणि १ एप्रिलची पहिली नोंद नव्या जागेत बसून करता येते.

खोली वापरात आल्यावर दोन साधे तापमापक आणावेत. एक गोदामातील जुन्या गादीजवळ आणि दुसरा नव्या खोलीत, बसणाऱ्याच्या डोक्याएवढ्या उंचीवर टांगावा. संपूर्ण मे महिना रोज दुपारी तीन वाजता दोन्ही आकडे एका वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. फरक अपेक्षेहून कमी आढळला तर आधी तुसाच्या पोत्यांतील फटी, मग आढ्याचे झरोके आणि शेवटी पश्चिमेची भिंत तपासावी. दोष बहुधा याच क्रमाने सापडतो, आणि तोवर यंत्राच्या दुकानाची पायरी चढण्याची घाई करू नये.